गोठलेला खांदा: सुई आणि व्यायाम एकाच दुपारी (प्रकल्प नोंदी)

१२ जून २०२५

दर गुरुवारी दुपारी खांद्याची वेगळी ओपीडी सुरू करायचं आज पक्कं झालं. हाडांचे सर तपासणार, रेडिओलॉजिस्ट मॅडम सोनोग्राफीत बघत सांध्यात सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडचं इंजेक्शन देणार आणि त्याच दुपारी पेशंट फिजिओथेरपीत माझ्याकडे येणार. तिन्ही खोल्या एकाच मजल्यावर आहेत, तरी आजवर एका पेशंटला त्या तिन्हींतून जायला कधीकधी महिना लागायचा.

आमच्याकडे येणारा गोठलेला खांदा (म्हणजे दुखत दुखत आखडून गेलेला सांधा, 'फ्रोजन शोल्डर') बहुतेक वेळा आधीच चार-पाच महिन्यांचा असतो. सुरुवातीला 'शीर आखडली' म्हणून तेल लावून चोळणं, मग मेडिकलमधून गोळ्या, मग कुणीतरी हात धरून जोरात ओढलेला. रात्रीची झोप पार गेली की दवाखाना. तिथे इंजेक्शन मिळतं, पंधरा दिवसांत दुखणं उतरतं, चिठ्ठीवर खाली 'व्यायाम' एवढा एक शब्द असतो आणि पेशंट जतला नाहीतर अथणीला आपल्या घरी. दोन-अडीच महिन्यांनी दुखणं पुन्हा डोकं वर काढतं आणि मोजून बघावं तर हात पहिल्या दिवशी जेवढा जात होता तेवढाच जातो. मधले ते शांत आठवडे वाया गेलेले असतात. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं, कारण औषधाने आपलं काम चोख केलेलं असतं.

म्हणून पहिला नियम मी आग्रहाने लिहून घेतला: व्यायामाच्या तारखा वहीत चढल्याशिवाय सुई नाही.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इथे रुग्णालय उघडलं तेव्हापासून लोक रेल्वेने लांबून येतात, निम्मे कर्नाटकातून. अशा माणसाला 'रोज या' सांगणं म्हणजे न सांगण्यासारखंच आहे. पहिले तीन आठवडे आठवड्यातून दोनदा इथे आणि बाकी सगळं घरी, असा बेत ठरला.

१९ जून

आजचा बराच वेळ कुणाचा खांदा खरोखर गोठलेला आहे हे ठरवण्यात गेला. तो तसा जायलाच हवा. खांदा दुखतो म्हणून आलेल्या प्रत्येकाला 'फ्रोजन शोल्डर' म्हणून मोकळं होणं सोपं असतं, आणि मग चुकीच्या माणसाला चुकीचे व्यायाम सुरू होतात.

खरी खूण साधी आहे. कोपर बरगडीला टेकवून काटकोनात वाकवायचं, पेशंटला हात पूर्ण सैल सोडायला सांगायचं आणि पंजा हळूहळू बाहेरच्या बाजूला वळवत न्यायचा. निरोगी खांद्यात साठ अंशांच्या आसपास सहज जातो. आज आलेल्या एका शिक्षिकाबाईंचा दहा अंशांवर अडला, आणि तो अडला तो दुखल्यामुळे नव्हे, आतून काहीतरी घट्ट आल्यासारखा अडला. त्यांच्या मागून आलेल्या गवंडीकाम करणाऱ्या मामांना स्वतः हात उचलता येत नव्हता, पण मी धरून उचलला तर कानाला लागला. हा गोठलेला खांदा नाही. तिथे वरच्या स्नायूबंधाला चीर आहे का ते बघायचं. मामांची सोनोग्राफी लावली आणि त्यांना या यादीतून काढलं.

बाहेर वळणं अडलेलं असलं तरी एक्स-रे हवाच, हे सरांनी पुन्हा बजावलं. सांधा झिजलेला असला तरी वळणं अडतं. फिट येऊन गेलेल्या माणसाचा खांदा मागच्या बाजूला निखळलेला असला तरी अगदी असाच अडतो, आणि तो समोरून काढलेल्या एकाच फोटोत सहज नजरेतून सुटतो. वजन उतरणं, ताप, कर्करोगाचा पूर्वेतिहास यातलं काहीही असेल तर आधी त्याचा माग काढायचा.

पेशंटना आतलं चित्र कसं सांगायचं यावर थोडं बोलणं झालं. सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते. ती आधी सुजते, मग जाड होऊन आवळते. सगळ्यात जास्त पुढच्या बाजूला, कोराकॉइड हाडापासून येणाऱ्या बंधापाशी. म्हणून बाहेर वळणं सर्वांत आधी जातं. काखेकडची सैल घडीही मिटून जाते, मग हात बाजूने वर जात नाही. 'ब्लाउज धुऊन आटला की काखेत जसा ओढतो, तसं आत झालंय' असं मी सांगते. बायकांना पटकन कळतं.

आजार बहुधा चाळीस ते साठ या वयातला, बायकांत जास्त. सर्वसाधारण लोकांत २ ते ५ टक्के असा आकडा पुस्तकांत दिलेला असतो, मधुमेहींमध्ये १० ते २० टक्के. थायरॉइडचाही संबंध आहे. त्यामुळे साखर आणि थायरॉइड दोन्ही तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरलं. कवठे महांकाळच्या एका काकूंना मधुमेह आहे हे आजच पहिल्यांदा कळलं. खांद्यासाठी आल्या नसत्या तर आणखी किती वर्षं कळलं नसतं, कोण जाणे.

२६ जून

यंत्राचा प्रश्न. मूळ कल्पना अशी होती की छोटं सोनोग्राफी यंत्र थेट ओपीडीत आणावं आणि तिथेच इंजेक्शन द्यावं. ते जमणार नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यानुसार प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची जागेसह नोंदणी असते आणि ते वापरणाऱ्या डॉक्टरांचीही. खांदा बघायचा असला तरी यंत्र तेच. या भागात त्या कायद्याची गरज काय होती हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्यात पळवाट शोधायचा विषयच नाही. पेशंट यंत्राकडे जाईल. गुरुवारी दोन ते चार सोनोग्राफीची खोली खांद्यांसाठी राखून ठेवायला मॅडम तयार झाल्या.

दुसरा मार्ग होता सी-आर्मखाली, म्हणजे क्ष-किरणांत बघत, रंगद्रव्य सोडून इंजेक्शन देण्याचा. त्यात पिशवी किती आवळली आहे हे सुंदर दिसतं. पण त्यासाठी ऑपरेशन थिएटर अडतं, आयोडीनचं द्रव्य लागतं, किरणोत्सर्ग होतो. आमच्यासाठी सोनोग्राफीच बरी.

आज आलेले एक वारकरी मामा दिंडीबरोबर निघायच्या तयारीत होते. येत्या ६ जुलैला एकादशी. 'काय सांगू मॅडम, रात्रभर डोळ्याला डोळा नाही बघा, पण वारी चुकवायची नाही.' साखर आहे, गोळ्या चालू आहेत. स्टेरॉइडनंतर साखर काही दिवस चढते, त्यात चालणं, वेळी-अवेळी पंगतीतलं जेवण आणि जवळ साखर मोजायची सोय नाही. सरांनी इंजेक्शन पंढरपूरहून परतल्यावर द्यायचं ठरवलं. तोवर मी त्यांना दोनच गोष्टी शिकवल्या: झोपताना दुखरा हात छातीजवळ घडी केलेल्या घोंगडीवर टेकवून ठेवायचा, आणि दिवसातून चार-पाच वेळा कमरेत वाकून हात सैल सोडून हलकेच झुलवायचा. टाळ वाजवता येईल का विचारलं. छातीपर्यंत येईल, म्हटलं, डोक्यावर नको.

३ जुलै

इंजेक्शनच्या वेळी मी आज मुद्दाम आत थांबले. पेशंट त्याच शिक्षिकाबाई.

त्या चांगल्या कुशीवर झोपल्या, दुखरा हात पुढे उशीवर, पंजा समोरच्या खांद्याकडे. असं केलं की सांध्याची मागची बाजू उघडते. कातडी जंतुनाशकाने पुसली, प्रोबवर, म्हणजे सोनोग्राफीच्या हातातल्या दांड्यावर, निर्जंतुक आवरण चढलं. पडद्यावर आधी दंडाच्या हाडाचं गोल डोकं दिसलं, पांढऱ्या चकचकीत रेषेत. त्या रेषेवर कूर्चेचा काळा पातळ थर. आतल्या बाजूला खोबणीची कड आणि तिच्यावर त्रिकोणी लॅब्रम, म्हणजे खोबणीची मऊ किनार. या सगळ्यावर पांघरल्यासारखा मागचा स्नायू.

सुई लांब, नऊ सेंटिमीटरची. प्रोबच्या रेषेतच बाहेरच्या बाजूने आत येते, म्हणजे टोक पूर्ण वेळ पडद्यावर दिसत राहतं. मॅडमनी आधी रंगीत डॉप्लर लावून आतल्या बाजूच्या खाचेतल्या रक्तवाहिन्या दाखवल्या. तिथून खांद्याची एक महत्त्वाची नसही जाते, सुई तिकडे जाता कामा नये. टोक पिशवीखाली, कूर्चेला लागून थांबलं. पहिले एक-दोन मिली सोडले. द्रव स्नायूत साचला असता तर तिथेच फुगवटा दिसला असता. तसं न होता तो हाडाच्या डोक्यावरून सरकत पसरला, म्हणजे सांध्यातच आहोत. मग बाकीचं: ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड ४० मिलिग्रॅम, भुलीसाठी एक टक्का लिग्नोकेन ५ मिली, उरलेलं पिशवी आतून ताणायला सलाइन. दहा मिलीनंतर सिरिंजचा दट्ट्या उलटा दाबायला लागला. बाई म्हणाल्या, 'आत भरून आल्यासारखं वाटतंय.' सतरा मिलीवर मॅडम थांबल्या. फाटेपर्यंत भरायचं नाही असं आधीच ठरलं आहे. पेशंटला कळ असह्य झाली की तिथे थांबायचं.

पंधरा मिनिटांनी माझ्या खोलीत पुन्हा मोजलं. दुखणं जवळजवळ नाही, पण बाहेर वळणं दहावरून अठरा अंशांवरच. हे मोजणं मला फार उपयोगाचं वाटतं. भूल चढलेली असताना हात एकदम बराच पुढे गेला तर आधीचा अडथळा बहुतांशी दुखण्यामुळे स्नायूंनी धरलेला होता. गेला नाही तर पिशवी खरोखरच आवळलेली आहे आणि पुढचे महिने त्या हिशेबाने आखायचे. मात्र याच तासात जोर लावून ताणायचं नाही. 'थांबा' म्हणून सांगणारी कळच तेव्हा गप्प असते.

घरी जाताना कागद हातात दिला आणि वाचून दाखवला. एक-दोन दिवस दुखणं वाढू शकतं, तोंड लाल होऊ शकतं, घाबरू नका. ताप आला आणि खांदा वाढत वाढत ठणकायला लागला तर गुरुवारची वाट न बघता त्याच दिवशी या.

१० जुलै

साखरेचा तक्ता लागू केला. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने इंजेक्शननंतर आठवडाभर उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजून लिहायची. पहिले दोन-तीन दिवस चढते, मग हळूहळू उतरते. आकडा कितीच्या वर गेला तर फोन करायचा हे त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून त्या कागदावरच लिहून घ्यायचं. ग्लुकोमीटर नसेल तर गावातल्या आशाताईंशी किंवा उपकेंद्राशी आधी बोलणं करून ठेवायचं. साखर आधीच फार चढलेली असेल तर इंजेक्शन पुढे ढकलायचं.

शिक्षिकाबाई आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, 'मॅडम, या कुशीवर झोपले!' अंश नंतर मोजले. मला वाटतं आमच्या तक्त्यात पहिला रकाना झोपेचाच हवा. या आजारात माणूस थकतो तो मुळात जागरणाने.

व्यायाम कुणाला किती, हे दुखण्याच्या स्वभावावर ठरवते आहे. रात्री ठणका, दहापैकी सातच्या वर वेदना, हालचालीच्या टोकाला पोचायच्या आधीच दुखतं, अशा खांद्याला फक्त झुलवणं, टेबलावर पंचा ठेवून हात पुढे सरकवणं, आणि तेही थोडं थोडं, दिवसातून पुष्कळ वेळा. ज्याला फक्त टोकाला ताण बसतो त्याला काठी दोन्ही हातांत धरून दुखरा हात बाहेर ढकलणं, पाठीमागून टॉवेल ओढणं, दाराच्या चौकटीत ताण देणं. व्यायामानंतर दुखणं अर्ध्या तासात मावळलं पाहिजे. रात्रभर राहिलं तर जास्त झालं.

याबाबत मी हट्टी आहे. 'रडवल्याशिवाय खांदा सुटत नाही' ही समजूत पेशंटमध्ये आहे, नातेवाइकांत आहे आणि आमच्या व्यवसायातही आहे. नेदरलँड्समधल्या डिअर्क्स आणि स्टीव्हन्स यांनी २००४ मध्ये ७७ पेशंटचा अभ्यास छापला होता. एका गटाला वेदनेच्या पलीकडे नेणारी जोरदार फिजिओथेरपी, दुसऱ्याला समजावून सांगणं आणि सोसवेल तेवढीच हालचाल. दोन वर्षांनी सौम्य गटातले ८९ टक्के चांगल्या स्थितीत होते, जोरदार गटातले ६३ टक्के. तो अभ्यास लहान आहे, पण रोज टेबलाशी उभं राहून जे दिसतं त्याच्याशी जुळणारा आहे. सुजलेल्या पिशवीला दर दोन दिवसांनी ओरबाडलं तर ती शांत कशी होणार?

१७ जुलै

वारकरी मामांना आज इंजेक्शन. बाकी विशेष नाही. पावसामुळे अथणीकडची एसटी उशिरा, दोघांच्या वेळा पुढे ढकलल्या.

२४ जुलै

दुपारच्या चहाला सरांनी तो प्रश्न काढला जो कधीतरी निघणारच होता: वर्षाने सगळे सारखेच होणार असतील तर हा खटाटोप कशाला?

प्रश्नाला आधार आहे. कॅनडातल्या कारेट आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या अभ्यासात ९३ पेशंटचे चार गट केले होते: क्ष-किरणांत बघून दिलेलं ४० मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोन आणि फिजिओथेरपी, नुसतं ट्रायमसिनोलोन, खोटं इंजेक्शन आणि फिजिओथेरपी, नुसतं खोटं इंजेक्शन. सहा आठवड्यांनी स्टेरॉइडवाले गट स्पष्ट पुढे होते, आणि फिजिओथेरपी जोडली की हालचाल आणखी लवकर सुटत होती. बारा महिन्यांनी चारही गट जवळपास एका रेषेत आले.

मी त्याच अभ्यासाकडे उलट्या बाजूने बघते. ते बारा महिने जगायचे कुणी? ज्या बाईला स्वतःची वेणी घालता येत नाही, ब्लाउजची हुकं लावायला मुलीला हाक मारावी लागते, रात्री दोनला उठून बसावं लागतं, तिच्या दृष्टीने सहा आठवड्यांतला फरक म्हणजेच उपचार. रोजंदारीवरच्या माणसाची तर वर्षभर थांबायची ऐपतच नसते. शिवाय 'आपोआप बरा होतो' हेही पूर्ण खरं नाही. पुष्कळांचा होतो, पण काहींना वर्षानुवर्षं थोडी जखड, थोडं दुखणं राहतंच. ग्लासगोच्या संशोधकांनी २०२० मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासून काढलेला निष्कर्षही याच बाजूचा आहे: आजार वर्षाच्या आतला असेल तर सांध्यातलं स्टेरॉइड लवकर द्यावं आणि सोबत घरचा व्यायाम असावा.

मॅडमनी दुसरी बाजू मांडली. सोनोग्राफीत बघून दिलेली सुई सांध्यात नेमकी पडते याबद्दल शंका नाही, अंदाजाने दिलेली बऱ्याचदा बाहेर जाते. पण अचूकतेमुळे पेशंट तेवढ्याच प्रमाणात जास्त बरा होतो का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. जास्त पाणी भरून पिशवी ताणण्याचा फायदाही काही चाचण्यांत दिसतो, काहींत फारसा नाही. आम्ही तिघांनी ठरवलं ते असं: सुई बघूनच द्यायची, कारण त्यात धोका कमी आणि औषध कुठे गेलं हे नक्की कळतं, पाणी पेशंट सोसेल तेवढंच, आणि खरा जोर पुढच्या सहा आठवड्यांवर.

३१ जुलै

तंतुवाद्यं बनवणारे एक काका आले. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या गल्लीतले. साखर दहा वर्षांपासून, उजवा खांदा सात महिने. सात महिन्यांत त्यांनी एकही तानपुरा एकट्याने पुरा केलेला नाही.

काम कसं करता ते करून दाखवा म्हटलं. त्यांनी माझा व्यायामाचा मोठा चेंडू मांडीवर घेतला. भोपळा डाव्या हाताने कवेत धरायचा आणि उजवा हात त्याच्या पलीकडच्या अंगाला नेऊन पॉलिश घासायचं. तिथे कोपर शरीरापासून लांब जातं आणि दंड बाहेर वळावा लागतो. नेमकं तेच अडलेलं. जवारी काढायचं, म्हणजे घोडी घासून सूर खुलवायचं, काम मात्र चालू आहे, कारण तेव्हा कोपर पोटाशीच असतं आणि सगळी करामत मनगटाची.

इंजेक्शन त्यांचं दोन आठवड्यांपूर्वीच झालं आहे, ठणका गेला आहे. आज हाताने सांधा सरकवण्याचं काम सुरू केलं. बाहेर वळणं वाढवायचं असेल तर दंडाचं डोकं पुढे ढकलावं असं जुन्या पाठात शिकवलेलं असतं. २००७ च्या एका छोट्या चाचणीत मात्र मागे ढकलणाऱ्या गटाचं बाहेर वळणं सरासरी ३१ अंशांनी वाढलं, पुढे ढकलणाऱ्यांचं तीनच अंशांनी. तेव्हापासून मी मागेच ढकलते. काकांना पाठीवर झोपवून, खांद्याच्या पात्याखाली टॉवेलची घडी देऊन, हलका हलका दाब. बावीसवरून आज अठ्ठावीस अंश.

घरचा व्यायाम म्हणून काठीऐवजी भोपळाच दिला. रिकामा, हलका भोपळा मांडीवर घ्यायचा आणि हात पलीकडच्या अंगावर जाईल तिथवर नेऊन सावकाश परत आणायचा. ताण बसेल, कळ नको. काकांनी मान डोलावली आणि 'हे रोज होईल' म्हणाले. काठीबद्दल असं कुणी म्हणत नाही.

१४ ऑगस्ट

खांद्याचा त्रास मोजायच्या स्पाडी प्रश्नावलीत दुखण्याचे पाच आणि कामांचे आठ प्रश्न आहेत, गुण शून्य ते शंभर. शेवटचा प्रश्न 'मागच्या खिशातून वस्तू काढणं'. नऊवारी-सहावारी नेसणाऱ्या मावश्या माझ्याकडे बघतच राहतात. प्रमाणित प्रश्नावलीत आपल्या मनाने शब्द बदलता येत नाहीत, मग आकड्यांना अर्थ उरत नाही. म्हणून ती तशीच ठेवून खाली आमचे वेगळे प्रश्न जोडले: वेणी किंवा अंबाडा, ब्लाउजची हुकं, पाठीमागून पदर घेणं, दोरीवर धुणं टाकणं, फळीवरचा डबा, एसटीचा दांडा. पुरुषांसाठी शर्टाची दुसरी बाही आणि आंघोळीला पाठ चोळणं. यातली कोणती तीन सगळ्यात आधी परत हवीत ते पेशंटने निवडायचं, आणि व्यायाम त्यांच्या दिशेने बांधायचा. धुणं टाकणं पहिल्या तीनात फार जणी घेतात.

२८ ऑगस्ट

काल गणपती बसले, रविवारी गौरी येणार. ओपीडी जवळजवळ रिकामी. फोनवर विचारपूस केली. सगळ्याजणींना एकच सांगितलं: मोदक, पुरण काहीही करा, ओट्याची उंची कोपराएवढी असू द्या आणि दुखऱ्या हाताने वरचं पातेलं उतरवू नका.

१८ सप्टेंबर

सगळ्यांचंच छान चाललं आहे असं नाही. ते इथे नोंदवायला हवं.

कवठे महांकाळच्या काकूंची साखर अजून हाताबाहेर आहे आणि खांदाही. दुखणं अर्ध्यावर आलं, हालचाल जेमतेम. मधुमेहींमध्ये हा आजार जास्त चिवट असतो हे माहीत आहेच. दुसरं इंजेक्शन लगेच नको, साखर आधी ताब्यात येऊ दे, असं सर म्हणाले. तोवर मॅडमनी खांद्याच्या पात्याजवळच्या नसेला सोनोग्राफीत बघून भूल द्यायचं सुचवलं. त्यात स्टेरॉइडशिवायही काम भागतं आणि व्यायामापुरतं दुखणं उतरतं. पुढच्या आठवड्यात करू.

काकूंच्या मुलाचा प्रश्न: ऑपरेशन करून एकदाच मोकळं का करत नाही? त्याला बसवून समजावलं. भूल देऊन हात वळवणं आणि दुर्बिणीतून पिशवी कापणं हे दोन्ही पर्याय आहेत. ब्रिटनमधल्या ३५ रुग्णालयांत ५०३ पेशंटवर या दोन्हींची तुलना स्टेरॉइड इंजेक्शनसह शिस्तीत दिलेल्या फिजिओथेरपीशी केली गेली, २०२० मध्ये निकाल छापून आला. वर्षाच्या शेवटी तिन्हींपैकी कुणीही दुसऱ्यापेक्षा लक्षणीय सरस ठरलं नाही. गंभीर गुंतागुंती दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये जास्त होत्या. ऑपरेशननंतरही व्यायाम चुकत नाहीच. सहा महिने नीट उपचार करूनही हात जागचा हलला नाही तर तो दरवाजा उघडा आहे, आज नको. मुलाला पटलं. 'मग आईला गुरुवारी मी घेऊन येतो, एसटीने नको,' म्हणाला. हा एक बदल साखरेच्या गोळीइतका महत्त्वाचा ठरेल असं मला वाटतं.

वारकरी मामांचा हात कानापर्यंत जातो. कार्तिकीला टाळ डोक्यावर घेणार आहेत. साखरेचा तक्ता त्यांनी भजनाच्या वहीत, तारखेनिशी, एकही दिवस न गाळता लिहिला आहे.

९ ऑक्टोबर

फराळाचे दिवस आले. चकलीच्या सोऱ्यावरून आज तिघींनी विचारलं. दाबाच्या सोऱ्याला कोपर उचलून वरून जोर द्यावा लागतो, तो नकोच. फिरवायचा चालेल, टेबलावर, कोपर बरगडीजवळ ठेवून, आणि भाजणी मळायचं काम दुसऱ्या कुणीतरी करायचं. शिक्षिकाबाईंना मात्र सगळी मोकळीक दिली. बाहेर वळणं पन्नास अंश, वेणी स्वतः घालतात. त्यांना आता दुसऱ्या खांद्याबद्दल सांगून ठेवलं: काही जणांत पुढच्या काही वर्षांत तोही धरतो. तसं झालं तर सहा महिने तेल चोळत बसू नका, रात्री दुखायला लागलं की पहिल्याच महिन्यात या.

काकूंना नसेच्या इंजेक्शनने उतार पडला आहे. साखर उतरते आहे. बाहेर वळणं वीस अंश, जूनमध्ये आठ होतं. सावकाश, पण पुढच्या दिशेने.

तंतुवाद्यवाले काका दिवाळीनंतर पुन्हा येतील. अर्धा दिवस काम, अर्धा दिवस विश्रांती असं त्यांनी स्वतःच लावून घेतलं आहे.

पुढच्या महिन्यासाठी दोन कामं. कागवाड-अथणीकडून येणाऱ्यांना व्यायामाचा मराठी कागद वाचता येत नाही, घरी गेल्यावर शेजाऱ्यांना विचारावं लागतं. आमच्या उगारच्या सिस्टरनी तो कन्नडमध्ये लिहून दिला आहे, चित्रं तीच ठेवून छापायला टाकायचा. आणि तालुक्याच्या डॉक्टरांना एक पानी पत्र पाठवायचं: कोपर बरगडीला टेकवून हात बाहेर वळवून बघा, अडला तर एक्स-रे आणि साखर करून गुरुवारी दुपारी दोनच्या आत पाठवा. पत्राचा मसुदा सरांकडे दिला आहे.